गोधडी मशीनवर : टाके फक्त पदराकडेच का सुटतात?

मोगरी · ११ डिसेंबर, रात्री १०:४०

शिवणवाल्या मंडळींनो, मदत करा. डोकं बधिर झालंय.

आजी गेली त्याला आता वर्ष होईल. तिची तीन लुगडी माझ्या वाट्याला आली. दोन इरकली आणि एक साधं हिरवं सुती, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. नेसणार कोण? म्हणून गोधडी करायला घेतली. वर हिरवं, खाली इरकल, मध्ये एक जुनी सुती चादर आणि दुसऱ्या इरकलीचे तुकडे. आजीच्या हिरव्या लुगड्याचा पदर एका टोकाला आडवा लावलाय, दिसायला छान दिसतो. माप ६० इंच बाय ९० इंच. हाताने घालायला बसले तर मान धरते, म्हणून मशीनवर उभ्या टिपा, दोन-दोन इंचांवर. म्हणजे तीसेक ओळी.

मशीन सासूबाईंचं. काळं, पूर्वी पायाचं होतं, आता मोटर लावलीय. ब्लाउज, पडदे, अभ्रे, सगळं बिनतक्रार शिवतं. गोधडीवर मात्र दोन त्रास आहेत. एक, खालच्या बाजूला दोऱ्याच्या नुसत्या झालरी लोंबतात. दोन, मध्येच चार-पाच टाके सुटतात. वरून दोरा सरळ आडवा पडलेला दिसतो, नखाने उचलला की सळसळत निघून येतो.

वरचं टेन्शन घट्ट केलं. मग सैल केलं. मग बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या डबीचा, तो चिमुकला स्क्रू फिरवला, किती ते आता आठवत नाही. आता तर साध्या कापडावरही टीप नीट पडेना. नवरा म्हणतो, मोठ्या बाजारातून तयार आण. त्याला काय सांगणार!

साधी_सुई · ११ डिसेंबर, रात्री ११:०५

अगं थांब, आधी तो स्क्रू सोड.

झालर खाली दिसते म्हणून आपण सगळ्याजणी खालीच शोधत बसतो. पण खालची झालर म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण नाही. वरचा दोरा सैल सुटला की तो खाली जाऊन ढीग करतो. मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरतो तो, वर उचल, वरचा दोरा पूर्ण काढ आणि पुन्हा ओव. ताणाच्या त्या दोन चकत्या असतात ना, त्यांच्या मधोमध दोरा बसला पाहिजे. पाय खाली असेल तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरतच नाही, वरवर टेकून राहतो. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेलाय ना, तेही बघ. ते भोक चुकलं की दोन टाक्यांत घरटंच होतं.

रानजाई · ११ डिसेंबर, रात्री ११:१२

सुई बदल. मशीनच्या दहा आजारांवर नवी सुई हेच औषध. मागची कधी बदलली होतीस?

मोगरी · ११ डिसेंबर, रात्री ११:१५

सुई बदलायची असते? ती मोडल्यावर बदलतात ना?

रानजाई · ११ डिसेंबर, रात्री ११:१६

अरे देवा.

टीपटाप · १२ डिसेंबर, सकाळी ७:३०

मोगरी ताई, वडिलांचं मिरजेत शिलाईचं दुकान होतं, त्यामुळे ही भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. शांतपणे एकेक करू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या की मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही.

आधी बॉबिन केस जागेवर आणा. केसवर पातळ पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर दोन स्क्रू दिसतील. टोकाकडचा फक्त पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावू नका. दुसरा ताणाचा. काम स्टीलच्या ताटावर करा, कारण तो स्क्रू पडला तर फरशीच्या फटीत जातो आणि मग सापडत नाही, हा घरोघरचा अनुभव. बॉबिन भरून केसमध्ये घाला, दोरा पट्टीखालून बाहेर काढा आणि त्या दोऱ्याला धरून केस हवेत लोंबकळत सोडा. तशीच घसरत खाली आली तर सैल आहे. मनगटाला हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं खाली येऊन थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या काट्याने पाच-दहा मिनिटं सरकावं तेवढाच. पट्टीखाली कागदाची कड फिरवून घ्या, तिथे दोऱ्याचा भुसा अडकून बसलेला असतो आणि आपण मात्र स्क्रूला दोष देतो.

मग वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून गोधडीसारख्याच थरांच्या वीतभर तुकड्यावर टीप मारून बघा. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे ठिपके किंवा फासे दिसले तर वरचा ताण कमी. वरच्या बाजूला खालचा रंग डोकावला तर वरचा जास्त. गाठ थरांच्या पोटात बसली पाहिजे. गोधडीला पोट मोठं, म्हणून खरं तर ती लपवणं ब्लाउजपेक्षा सोपं.

आता माझे प्रश्न. सुई किती नंबरची? दोरा कोणता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाके नेमके कुठे सुटतात? कुठेही, की ठरावीक जागी?

बेरकी_बोका · १२ डिसेंबर, सकाळी ९:५०

मशीनवर घातलेली गोधडी ही गोधडीच नव्हे, ती रजई. गोधडी म्हणजे धावदोरा, वाड्याच्या ओसरीवर चार बायका चार बाजूंनी बसून घालायच्या. बाकी चालू द्या.

कुंदा_सांगली · १२ डिसेंबर, सकाळी १०:०२

बोकोबा, त्या चार बायकांत तुमच्या घरातलं कोण होतं? आणि भाकऱ्या कोण थापत होतं तेवढा वेळ? आमच्या आईने हाताने अठरा वाकळा घातल्या. शेवटी बोटं वाकडी झाली. मशीन आलं तेव्हा तिने मशीनला हळदीकुंकू वाहिलं होतं.

मोगरी · १२ डिसेंबर, रात्री ९:२०

झालर गेली! साधी_सुई, तुझे पाय कुठे आहेत?

माझी चूक ऐका. गोधडीवर पाय टेकवून ठेवलेला असायचा, जागा हलू नये म्हणून. रीळ संपलं की पाय न उचलता तसाच नवा दोरा ओवायचे. ब्लाउजला असं कधी केलंच नाही, तिथे कापड काढूनच दोरा बदलते. म्हणजे मशीन नव्हतं बिघडलं, गोधडी आल्यावर मीच बदलले होते.

केस ताटावर धरून टीपटापदादा म्हणाले तशी नीट केली. पट्टीखालून पिवळ्या दोऱ्याचा एक गोळा निघाला. पिवळा दोरा मी दोन वर्षांपूर्वी वापरला होता.

आता तुमचे प्रश्न. सुई १४ नंबर होती, रानजाईच्या धाकाने नवी १६ घातली. दोरा तीनपदरी पॉलिएस्टर, वर-खाली तोच. झालर नाही, पण टाके सुटणं मात्र चालूच. आणि कुठे म्हणाल तर आज सगळी गोधडी पलंगावर पसरून पाहिली. सुटलेले टाके जवळजवळ सगळे पदराच्या बाजूला आहेत! उशाकडे एक नाही. पदर जाड आहे का? आजी रुसली की काय, असंही मनात येऊन गेलं.

रानजाई · १२ डिसेंबर, रात्री ९:४०

पदरावर जर आहे का? जरीने सुईचं टोक लगेच बोथट होतं. १८ घाल. १४ म्हणजे डब्यावर ९० लिहितात तो, १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०. आणि पायाचा दाब कमी कर, वरच्या टोकाला स्क्रू असतो. जाड कापडाला दाब कमी लागतो.

टीपटाप · १२ डिसेंबर, रात्री १०:१५

रानजाई ताई, सुईशी सहमत, दाबाशी नाही. दाब कमी केला की वरचा थर कमी सरकतो हे खरं, चुण्या पडत नाहीत. पण टाके सुटत असताना दाब कमी करणं उलटं पडू शकतं. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मशीनची सुईखालची पाटी आणि बॉबिन केस काढा, सुईत दोरा ठेवा, मोटरचा प्लग काढा आणि चाक हाताने अगदी सावकाश स्वतःकडे फिरवा. सुई खाली जाईल, तळ गाठेल, मग वर यायला लागेल. वर येतानाच्या पहिल्या दोन-अडीच मिलिमीटरमध्ये बघा. सुईच्या एका अंगाला दोरा किंचित फुगतो, मुगाच्या डाळीएवढा फास तयार होतो. त्याच क्षणी बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक सुईला जवळजवळ घासून येतं आणि त्या फासात शिरतं. शिरलं की टाका पडला. नाही शिरलं की टाका सुटला. एवढाच खेळ. शटलचं टोक आणि सुई यांच्यात केसाएवढं अंतर असतं.

आता फास का होतो? सुई वर येते, पण कापड दोऱ्याला धरून ठेवतं, म्हणून दोरा मागे राहून फुगतो. कापडच सुईबरोबर वर उचललं गेलं तर? दोराही वर जातो, फास होतच नाही. गोधडीचे जाड मऊ थर नेमकं हेच करतात. पाय सैल असेल तर थर सुईला चिकटून उड्या मारतात. म्हणून टाके सुटताना दाब पुरेसा हवा. सुई मोठी घेतली की भोकही मोठं पडतं, सुई कापडातून सहज सुटते, म्हणून १६ किंवा १८.

सुईची चपटी बाजू शटलकडे आहे ना, तेही बघा. लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूला. आणि पाकिटावर एचए×१ किंवा १३०/७०५ एच लिहिलंय ना? कारखान्यातल्या मशीनच्या डीबी×१ सुयांचा दांडा गोल असतो, त्या स्वस्त मिळतात म्हणून कुणी कुणी घरच्या मशीनला घालून बघतं आणि मग सगळाच घोळ.

कुंदा_सांगली · १३ डिसेंबर, सकाळी ८:१०

विषयाला थोडी बगल देते, पण थंडीचे दिवस आहेत म्हणून सांगते. आमचं मशीन गेल्या वर्षी सकाळी जाम आणि दुपारी मोकळं. सकाळी टाके सुटायचे, दुपारी शहाण्यासारखं चालायचं. मिस्त्रीने शटल बदलायला सांगितलं, बदललं, पैसे गेले, सकाळचा हट्ट तसाच. शेवटी लेकाने कबुली दिली, मशीनचं तेल संपलं म्हणून त्याने डोक्याचं खोबरेल घातलं होतं! खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. म्हणजे सकाळी माझ्या मशीनमध्ये तूप भरलेलं असायचं. रॉकेलच्या बोळ्याने सगळं पुसून काढलं, दिवसभर उघडं वाळवलं, मग मशीनचं पांढरं तेल दोन-दोन थेंब. हे मोटर काढून ठेवूनच करायचं बरं का. मोगरी, तू नाशिकची ना? तुझ्याकडे तर आमच्यापेक्षा थंडी.

मोगरी · १३ डिसेंबर, सकाळी ९:००

कुंदाताई, तेल मशीनचंच आहे, मशीन हलकं चालतंय. पण तुमच्या पोराला सलाम.

१८ नंबर घातली. दाब वाढवला. चपटी बाजू बरोबर. पाकिटावर एचए×१ आहे. टाके सुटणं कमी झालं, गेलं नाही. आणि अजूनही पदराकडेच. पदरावर जर नाही, नुसता सुती रेघांचा पदर आहे. हाताला तर उलट उरलेल्या लुगड्यापेक्षा मऊ लागतो.

निशिगंधा_बे · १३ डिसेंबर, दुपारी १२:३५

इकडे कॅलिफोर्नियात रात्र आहे, जागीच आहे. मी मशीनवर क्विल्ट, म्हणजे इकडची गोधडी, करते. वॉकिंग फूट वापरून पाहिलास का? त्या पायाला वरूनही दात असतात, खालचे दात कापड सरकवतात तसं वरचा थरही सोबत सरकतो. चुण्या जवळजवळ जातात. टाका लांब ठेव, तीन ते साडेतीन मिलिमीटर. तुमच्या काळ्या मशीनवर इंचाला आठ टाके म्हणजे साधारण तेवढाच.

आणि थर आधी मध्यापासून कच्च्या टाक्यांनी टाचून घे, टिपाही मध्यापासून बाहेर मार. कडेपासून सुरुवात केली की शेवटी एका बाजूला फुगा येतो.

साधी_सुई · १३ डिसेंबर, दुपारी १:१०

निशिगंधा, चुण्यांचा प्रश्न नाहीये तिचा. आणि तो पाय जुन्या मशीनला बसतोच असं नाही. पायाचा दांडा उंच आहे की बुटका ते बघून घ्यावा लागतो.

बेरकी_बोका · १३ डिसेंबर, दुपारी १:३०

मिस्त्रीकडे न्या. शटलची वेळ चुकलीय. माझ्या आत्याचं असंच झालं होतं.

टीपटाप · १३ डिसेंबर, दुपारी २:२०

वेळ चुकली असती तर ब्लाउजवरही टाके सुटले असते, आणि उशाकडेही सुटले असते. शटलला पदर कुठे आणि उशी कुठे हे कसं कळणार?

अण्णा_डोंबिवली · १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

मला शिवणातलं काही कळत नाही, सौ. वाचत होती म्हणून मीही वाचलं. पण पस्तीस वर्षं कारखान्यात मेन्टेनन्समध्ये काढली आहेत. तिथे आमचा एकच नियम होता. दोष यंत्रात आहे की मालात, हे कळत नसेल तर माल उलटा लावा आणि बघा दोष कुणाबरोबर जातो.

मोगरी ताई, तुम्ही प्रत्येक ओळ कुठून सुरू करता? दर वेळी उशाकडूनच ना? मग एक ओळ पदराकडून सुरू करून बघा. टाके पदराकडेच सुटले तर दोष कापडात. उशाकडे सुटायला लागले तर पदर निर्दोष आहे, दोष ओळीच्या उत्तरार्धात आहे.

टीपटाप · १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:५८

अण्णा, साष्टांग नमस्कार. हे मला सुचायला हवं होतं.

मोगरी · १३ डिसेंबर, रात्री ११:३०

मंडळी, अंगावर काटा आलाय.

दोन ओळी पदराकडून सुरू केल्या. पदरावर टाका न् टाका मोत्यासारखा. आणि पाऊण ओळ झाल्यावर, उशाकडे, टाके सुटले! पहिल्या ओळीत सात, दुसऱ्या ओळीत अकरा. आजीची माफी मागितली.

पण आता पुढे काय? उत्तरार्धात असं काय होतं? मोटर तापते म्हणून?

अण्णा_डोंबिवली · १४ डिसेंबर, सकाळी ६:१५

मोटर तापली तर वेग बदलेल, टाका का सुटेल? मला सांगा, ओळ अर्धी झाल्यावर शिवलेला भाग कुठे जातो?

मोगरी · १४ डिसेंबर, सकाळी ६:४०

टेबलाच्या मागे. खाली. जमिनीवर.

टीपटाप · १४ डिसेंबर, सकाळी ६:५५

सापडलं!

ताई, मशीनच्या टेबलाची मागची बाजू भिंतीपासून लांब, मोकळी आहे ना? सुरुवातीला सगळी गोधडी तुमच्या मांडीवर असते, सुईवर भार नसतो. निम्मी ओळ झाली की शिवलेली बाजू मागच्या कडेवरून घसरून लोंबायला लागते. चार थर सुती कापड, त्याचं वजन थोडं नसतं. ते वजन खाली ओढतं, आणि मधल्या मध्ये कापडात रुतलेली सुई मागे वाकते. किती वाकते? डोळ्याला दिसतही नाही. पण वर सांगितलं ना, शटल आणि सुई यांचा खेळ केसाएवढ्या अंतराचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आतला. सुई तिच्या जागेवर नसली की शटलचं टोक फासाच्या बाजूने निघून जातं.

बारीक सुई जास्त वाकते, म्हणून १४ वरून १८ वर गेल्यावर त्रास कमी झाला पण संपला नाही. सगळं जुळतंय.

पाटीच्या भोकाची मागची कड बोटाने चाचपून बघा. सुई घासून खरवड पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर उद्या दोरा तुटायला लागेल. आणि खरं सांगा, मागून डाव्या हाताने कापड ओढता का? सगळेच ओढतात. जड पडलं की मशीनला हातभार लावावासा वाटतो. वडील कारागिराच्या हातावर पट्टी मारायचे त्यासाठी. कापड दात नेतात. हाताने फक्त वाट दाखवायची.

मोगरी · १४ डिसेंबर, सकाळी ७:०५

ओढते.

साधी_सुई · १४ डिसेंबर, सकाळी ७:२०

मीही ओढते. आता नाही ओढणार. मशीनच्या मागे आणि डावीकडे काहीतरी त्याच उंचीचं लाव. इस्त्रीचं टेबल उत्तम, उंची कमी-जास्त करता येते. मी टेबल भिंतीला टेकवते, म्हणजे कापड मागे पडतच नाही, भिंतीपाशी गोळा होऊन बसतं. तो गोळा मधूनमधून डावीकडे सारायचा. आणि पुढचा भाग मांडीवर घेताना खांद्यावर टाकून बघ, शालीसारखा. थंडीत बरंही वाटतं.

रानजाई · १४ डिसेंबर, सकाळी १०:३०

माझं औषध चाललं नाही तर. पण सुई बदललीस ना, तेवढं पुण्य मला.

निशिगंधा_बे · १४ डिसेंबर, दुपारी १२:१०

इकडे मोठ्या क्विल्टसाठी मशीन टेबलात बुडवून बसवतात, पाटी आणि टेबल एका पातळीत. कारण तेच असणार, मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं दिसायला छान म्हणून.

कुंदा_सांगली · १४ डिसेंबर, दुपारी ४:००

आमची आई वाकळ जमिनीवर पसरून तिच्यावर बसूनच घालायची. लोंबणार कुठून? बोका कुठे गेला?

बेरकी_बोका · १४ डिसेंबर, दुपारी ४:२५

इथेच आहे. वाचतोय. आत्याला फोन करून तिचं टेबल कुठे होतं ते विचारलं. खिडकीपाशी, मागची बाजू मोकळी. तिने त्या वेळी शटलला पैसे घातले होते. तिला अजून सांगितलं नाही.

मोगरी · १७ डिसेंबर, रात्री १०:५०

तीन दिवस गायब होते, पण कारण चांगलं आहे.

टेबल भिंतीला लावलं. डावीकडे इस्त्रीचं टेबल, त्याच्यावर जुनी सतरंजी. पाटीची मागची कड चाचपली तर खरंच एक बारीक ओरखडा होता, कापसाचा पुंजका फिरवला की तंतू अडकायचे. मिस्त्रीकडून पॉलिश पेपर आणला, पाटी काढून दहा मिनिटं घासली, पुसली. मशीन उघडलंच होतं म्हणून शटलही बाहेर काढलं. कड्या बाजूला केल्या, कडं निघालं, मागून ते अर्धचंद्रासारखं शटल. त्याच्या घरात भुशाची अशी जाड गादी बसली होती, चिमट्याने उचलली तर नमद्याचा तुकडा निघावा तशी अख्खी निघाली. काढताना प्रत्येक वस्तूचा फोटो काढला होता म्हणून परत बसवता आली.

बावीस ओळी झाल्या. बावीस ओळींत सुटलेले टाके एकूण तीन, तेही जोडाच्या जाड शिवणीवर. तिथे आता मोटर बंद करून चाक हाताने फिरवते. डावा हात जागेवर राहावा म्हणून सुरुवातीला चक्क पाठीमागे धरून बसले होते, लेक हसत होती.

अण्णा, तुमच्या सौ.ना सांगा, इरकलीचा एक तुकडा उरलाय, उशीच्या अभ्र्याएवढा. हवा असेल तर पाठवते.

अण्णा_डोंबिवली · १८ डिसेंबर, सकाळी ६:१०

सौ. म्हणते हवा आहे. मला म्हणते, कारखान्यात पस्तीस वर्षं काढली आणि घरचं मशीन माळ्यावर पडलंय ते खाली काढा. आज रविवार नाही हे तिला सांगून बघितलं.

टीपटाप · १८ डिसेंबर, सकाळी ८:००

जुन्या ओळींतले सुटलेले टाके उसवू नका, ताई. सुटलेल्या जागेच्या बोटभर आधी सुरुवात करून बोटभर पुढेपर्यंत वरून दुसरी टीप मारा. लोंबणारा दोरा सुईने आत घ्या. उसवत बसलात तर जुन्या लुगड्याला भोकं पडतील. कापड विरलेलं आहे.

मोगरी · २१ डिसेंबर, दुपारी ३:२०

झाली!

म्हणजे, जवळजवळ. शेवटच्या ओळीत पदराच्या कोपऱ्यात पोचले आणि चार इंच राहिले असताना बॉबिन संपली. हिरवा दोराही संपला. दुकानात जायला दुपारचं ऊन आणि कंटाळा. मग सुई घेतली आणि ते चार इंच हाताने धावदोरा घातला.

बोका, तेवढी गोधडी, बाकीची रजई. चालेल?

बेरकी_बोका · २१ डिसेंबर, दुपारी ३:४५

चालेल. फोटो टाका.